अडतीस चौरस

मी एकतीस वर्षं तिसरीच्या मुलांना चौकोन शिकवला. असं सांगितलं की लोक जरा थांबतात आणि मग सहानुभूतीने विचारतात, "आणि बाकी?" बाकी काही नाही. म्हणजे पाढे, घड्याळ, हातच्याची वजाबाकी हे सगळं होतंच, पण ते कुणीही शिकवतं. बंगळूरच्या यशवंतपूर भागातल्या आमच्या शाळेत चौकोनाचा धडा आला की शेजारच्या तुकडीच्या बाईसुद्धा आपली मुलं माझ्या वर्गात सोडून वह्या तपासायला निघून जायच्या. माझे यजमान सरकारी कारखान्यात विमानाचे सुटे भाग तपासायचे. संध्याकाळी ते त्यांच्या कामातलं सांगायचे, मी माझ्या, आणि आमचा मुलगा म्हणायचा की दोघांपैकी कुणाचं काम जास्त जोखमीचं तेच कळत नाही.

इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या संपादकीणबाईंनी बजावलं होतं की दिवाळीचा अंक आहे, मुलांबद्दल काहीतरी गोड लिहा. गोड लिहायला बसले आणि शंकरपाळे आठवले. म्हणजे पुन्हा चौकोनच. तेव्हा जे येतं तेच लिहिते.

बाहेरच्या माणसाला वाटतं, चौकोन शिकवायचा म्हणजे फळ्यावर काढायचा आणि नाव सांगायचं. नावं मुलांना बालवाडीतच पाठ झालेली असतात, तीच तर अडचण. मूल आकार ओळखतं ते माणूस ओळखल्यासारखं, चेहऱ्यावरून. चौरस सरळ उभा असला तर तो चौरस. तोच पुठ्ठा जरा तिरका धरा, सगळा वर्ग एका सुरात 'डायमंड' म्हणतो. मी त्यांना विचारायचे, "मी तिरकी झाले तर मी दुसरी कुणी होते का?" एका वर्षी तर टेबलाला धरून खरंच तिरकी उभी राहिले. पहिल्या बाकावरच्या मुलीने मला नीट निरखून उत्तर दिलं, "आजारी मिस."

म्हणून माझा नियम असा, की आधी नाव घ्यायचं नाही, आधी मोजायचं. बाजू किती, त्यातल्या सारख्या किती, कोन कसे. काटकोन तपासायला कंपासपेटी लागत नाही. कुठल्याही कागदाची एक घडी घाला. मग घडीची कड घडीच्याच कडेवर बसवून दुसरी घडी घाला. जो कोपरा तयार होतो तो काटकोन. कागद बिलाचा असो की बिस्किटाच्या पुड्याचा, कोपरा तोच येतो. मुलांचा यावर आधी विश्वास बसत नाही आणि एकदा बसला की ती ऐकत नाहीत. बाक, दार, डबा, एकमेकांचे पुढचे दात, सगळं त्या घडीने तपासत सुटतात. शिपाईमामांच्या मिशीचे दोन्ही कोन काटकोनापेक्षा मोठे आहेत हा शोध माझ्याच वर्गात लागला.

दुसरा नियम, वस्तू घरून आणायच्या. 'चार बाजूंची एखादी वस्तू आणा' एवढंच मी वहीत लिहून द्यायचे, आणि त्या एका वाक्याचे काय काय अर्थ निघाले ते सांगायला वेगळा अंक लागेल. गॅसचं पुस्तक यायचं, न्हाणीघराची सुटलेली फरशी यायची. एकदा एक मुलगा आजोबांचा फोटो घेऊन आला. फोटो फ्रेमसकट होता, वर चंदनाचा हार होता. आम्ही त्याच्या चारही बाजू मोजल्या, कोन तपासले आणि सर्वानुमते आजोबांना आयतांच्या ढिगात ठेवलं. अर्ध्या तासाने त्याचे वडील घामाघूम होऊन आले. घरी श्राद्ध होतं, भटजी पाटावर बसले होते आणि ज्यांचं श्राद्ध ते कुठे दिसत नव्हते. मी फोटो काढून दिला. मुलाने दारापर्यंत जाऊन वडिलांना आठवण करून दिली की आजोबा आयत आहेत, चौरस नाहीत.

शंकरपाळ्यांचंही तसंच. कुणाच्या तरी आजीने डबाभर पाठवले, की समभुज कोणते आणि नुसते समांतरभुज कोणते हे मुलांनी वेगळं करावं. मुलांनी केलंही. फक्त वेगळं केलेलं मोजायला गेले तेव्हा समभुज संपले होते.

आता दोऱ्यांबद्दल सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं रामायण दोऱ्यांमुळे झालं. चिकपेटेच्या बाजारातून मी कपडे वाळत घालायच्या दोन लांब दोऱ्या आणल्या होत्या, एक निळी, एक पिवळी. मैदानावर त्यांची दोन मोठी वर्तुळं करायची, एकमेकांत थोडी शिरलेली. निळ्यात ज्यांच्या चारही बाजू सारख्या ते, पिवळ्यात ज्यांचे चारही कोन काटकोन ते. प्रत्येक मुलाच्या गळ्यात पुठ्ठ्याचा एकेक चौकोन अडकवायचा. कुणाला कुठला ते चिठ्ठ्या टाकून ठरायचं. शिट्टी वाजली की आपापला पुठ्ठा मोजायचा आणि आपल्या जागी जायचं. आयत पिवळ्यात जातात, समभुज निळ्यात. चौरसाची मात्र पंचाईत होते. तो एक पाय इकडे, एक पाय तिकडे टाकून केविलवाणा उभा राहतो, आणि मग कुणाला तरी शोध लागतो की दोन्ही दोऱ्यांच्या आत असलेली मधली जागा रिकामीच आहे. दर वर्षी हा शोध लागायचा आणि दर वर्षी मला तेवढाच आनंद व्हायचा.

ज्यांचा पुठ्ठा कुठेच बसत नाही ते बाहेर थांबतात. पतंग, समलंब, आणि ज्याला स्वतःचं नावच नाही असा ओबडधोबड साधा चौकोन. बाहेर राहणं ही शिक्षा नाही, तेही एक उत्तरच आहे, हे मुलांना लगेच कळतं. पालकांना ते कळत नाही, हे मला निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना कळलं.

त्या वर्षी आमच्या मुख्याध्यापिका पद्मा मॅडम यांनी ठरवलं की मिसचा दोऱ्यांचा खेळ पालकांसमोर करायचा. पद्मा मॅडम मनाने चांगल्या, पण पालक कार्यक्रमाला येत नाहीत याचं त्यांना फार वाटायचं. पालक यावेत म्हणून त्यांनी सूचनेत शेवटी एक ओळ टाकली: चौथीच्या तुकड्या पाडताना या दिवशीच्या निरीक्षणांचा विचार होईल.

चौथीला आमच्याकडे तीन तुकड्या होत्या, लोटस, जास्मिन आणि मॅरिगोल्ड. सगळी फुलं सारखीच, असं शाळा म्हणायची. पण मॅरिगोल्डला गणिताचा तास दिवसाच्या शेवटी असायचा आणि शिक्षिका दर दोन महिन्यांनी बदलायची, हे फाटकावरच्या पेरूवाल्यालाही माहीत होतं. तुकडी एकदा ठरली की सातवीपर्यंत हलत नसे.

झालं. चिठ्ठ्यांमध्ये कुणाला काय आलं ते त्याच दिवशी पालकांच्या ग्रुपवर गेलं. दुसऱ्या दिवसापासून मला पत्रं यायला लागली. एका वडिलांच्या मेलचा विषय होता 'रिक्वेस्ट फॉर चेंज ऑफ क्वाड्रिलॅटरल'. आत लिहिलं होतं की त्यांच्या मुलात नेतृत्वगुण आहेत, तरी ट्रॅपेझियमचा फेरविचार व्हावा. एका आजींचा निरोप आला की आमच्या नातीला पतंग नको, पतंगाला स्थैर्य नसतं. मुलगा आयत असलेली एक आई येऊन हळूच विचारून गेली की आयताचा पुढे चौरस होऊ शकतो का, म्हणजे मेहनत घेतली तर. मी गणिताच्या दृष्टीने उत्तर द्यायला लागले, दोन बाजू कमी कराव्या लागतील वगैरे, तर ती म्हणाली, "करेल तो. घरी आम्ही बसवून घेऊ."

हे सगळं मी घरी सांगून हसत होते. मग मानसी आली.

मानसीची मुलगी इरा माझ्या वर्गात होती. दोन वर्षांपूर्वी पुण्याहून आलेलं कुटुंब, आईवडील दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. इराला वाचायला जड जायचं. अक्षरं तिच्यापुढे जागा बदलायची, एक ओळ वाचायला तिला बाकीच्यांच्या चौपट वेळ लागायचा, आणि पोरगी त्याने इतकी खजील व्हायची की वर्गात फारसं बोलायचीच नाही. पण हातात पुठ्ठा दिला की वेगळीच. कागदाची घडी तिच्या खिशात कायम असायची. चिठ्ठीत तिला बिननावाचा चौकोन आला होता आणि ती खूश होती, कारण त्यात मोजायला सगळंच वेगवेगळं होतं.

"मॅम, प्लीज डोन्ट माइंड," मानसी माझ्यासमोर बसून म्हणाली, "पण इरा ऑलरेडी रीडिंगमध्ये स्ट्रगल करतेय. त्यात तुम्ही तिला असा शेप दिलात की ज्याला नावसुद्धा नाही. तिला मॅरिगोल्डमध्ये टाकायचं तुमचं ठरलंच असेल तर सरळ सांगा ना."

मी सांगितलं की चिठ्ठ्या होत्या, आकाराचा आणि तुकडीचा काही संबंध नाही.

"मग ती ओळ का लिहिलीय सर्क्युलरमध्ये?"

मी टेबलावरचं सर्क्युलर उलटं करून ठेवलं. मानसी म्हणाली, "ती मॅरिगोल्डला गेली ना, तर तिला कायमचं वाटेल की आपण तसेच आहोत. मी ते बघू शकणार नाही. तिला फक्त स्क्वेअर करा, मॅम." आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. माझ्या मुलीला चौरस करा म्हणून रडणारी आई मी जन्मात पहिल्यांदा पाहत होते. मला हसूही येत होतं आणि वाईटही वाटत होतं, दोन्ही एकदम, आणि कुठलं चेहऱ्यावर दाखवावं ते सुचेना. शेवटी मी तिला पाणी दिलं.

मी पद्मा मॅडमकडे गेले. आमचं बोलणं कानडीत व्हायचं, इथे मराठीत देते. म्हटलं, ती ओळ मागे घ्या. त्या म्हणाल्या, ओळ मागे घेतली तर कोण येणार? त्यांनी थोडा विचार केला आणि तोडगा काढला.

"मिस, सगळ्यांनाच स्क्वेअर करून टाका."

"अडतीसच्या अडतीस?"

"सरी, ठीक आहे. कुणाची तक्रार नको."

"पण मॅडम, सगळे सारखेच असले तर वर्गीकरण कशाचं करायचं?"

"करायचं की. सगळे एकाच गटात आले तर चांगलंच ना? याहून छान वर्गीकरण कुठलं?"

मी तिथे भांडायला हवं होतं. एकतीस वर्षांच्या नोकरीत मी खडूच्या पेटीवरून भांडले, पंख्यावरून भांडले, पण ज्या एका गोष्टीतलं मला खरोखर कळत होतं तिच्यावरून नाही भांडले. बरं, म्हटलं आणि बाहेर आले.

भरीला भर म्हणून शाळेने कळवलं की चौरस पालकांनी घरी करून पाठवावेत. अडतीस घरांतून अडतीस चौरस आले. काही घरं कारखान्यांतल्या इंजिनियरांची, त्यांनी काय पुठ्ठा कापून पाठवायचा? एक पारदर्शक अॅक्रिलिकचा आला, यंत्रावर कापलेला. एक थ्रीडी छपाईयंत्रातून काढलेला, आत दिवे लागणारा. चिकपेटेत दुकान असलेल्या घरातून रेशमी काठ लावलेला आला. एका आजीने जेवायचा पाटच पाठवला, दोन भोकं पाडून सुतळी ओवलेली. आणि आमच्या वर्गातल्या आदूचे आजोबा, श्रीपादअण्णा, स्वतः घेऊन आले तो पोलादी. अण्णांची तिसरी पिढी बंगळूरात, जन्म कारखान्यात गेला, निवृत्तीला पंधरा वर्षं होऊनही खिशात काटकोन तपासायचा पोलादी गुण्या बाळगायचे. चौरसासोबत त्याचं रेखाचित्रही होतं आणि बाजूला किती चूक चालेल तेही लिहिलं होतं.

मी तो उचलून पाहिला. "अण्णा, दोन किलो तरी असेल हा. आदूच्या मानेचं काय?"

"मानेला काय होतं, अक्का? स्वल्प वाकेल. पण कोन बघा तुम्ही, कोन अगदी सरी आहेत."

मग ते बाकीचे चौरस गुण्याने तपासायला लागले. तीन तपासले, तीनही नापास केले. हे पद्मा मॅडमच्या कानावर गेलं आणि त्यांनी ताबडतोब अण्णांना प्रमुख पाहुणे केलं. पाहुणे म्हटले की व्यासपीठावर बसवता येतं, आणि व्यासपीठावरून गुण्या मुलांपर्यंत पोचत नाही.

इराचा चौरस मानसीने ऑनलाइन सामानाच्या खोक्यातून कापला होता, स्वयंपाकघरातल्या कात्रीने, बहुतेक ऑफिसचा कॉल चालू असताना. कडेला निळा रंग लावला होता. घाईचं काम होतं, पण मायेने केलेलं.

प्रदर्शनाच्या शनिवारी झाडून सगळे पालक आले. मैदान आमचं लहान, एका अंगाला शाळा, दुसऱ्या अंगाला गोदामाची भिंत, मध्ये माझ्या दोन दोऱ्या. दोन्ही दोऱ्यांच्या आतली मधली जागा मी नेहमीच्या सवयीने सहा मुलांपुरती ठेवली होती. वर्गात चौरस एरवी सहाच असतात. तेवढा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही, आणि दोरीपलीकडे शाळेच्या समन्वयक बाई कागदाचा पॅड घेऊन उभ्या आहेत हे मी शिट्टी वाजवेपर्यंत पाहिलं नव्हतं. पॅडवर दोन रकाने होते, 'आत' आणि 'बाहेर'. ती सूचनेतली ओळ नुसती धमकी नव्हती तर.

पद्मा मॅडमनी माइकवर विचारलं, चारही बाजू सारख्या कुणाच्या? अडतीस मुलं निळ्या दोरीत धावली. टाळ्या झाल्या. मग विचारलं, चारही कोन काटकोन कुणाचे? आता सगळ्यांना निळ्यात राहून पिवळ्यातही जायचं होतं, म्हणजे त्या सहाजणांच्या जागेत. एकेका मुलाच्या छातीवर चार टोकदार कोपरे, आणि ती मुलं एकमेकांत घुसायला लागली. पाट अॅक्रिलिकवर आपटला. दिवेवाल्याचे दिवे गेले. रेशमी काठ कुणाच्या तरी बटणात अडकला आणि दोन मुलं त्याला ओढत गोल फिरायला लागली. आदू पोलादाच्या वजनाने आधी बसला, मग आडवा झाला, आणि त्याच्यावरून पुढे जायला वाट मिळाली म्हणून मागच्यांनी आनंदाने ओरडा केला. पालक फोन उंच धरून सूचना देत होते: सेंटरला जा, सेंटरला जा, खांदा घाल. एक वडील तर दोरी ओलांडून मुलाला उचलून मध्ये ठेवून आले. व्यासपीठावरून अण्णा, माइक नसताना, एवढंच सांगत होते की आतला तो पाट आयत आहे, त्याला बाहेर काढा.

या सगळ्यात एक मूल बाहेर होतं. इरा.

ती पिवळ्या दोरीपाशी खाली बसली होती, चौरस मांडीवर, आणि बसच्या तिकिटाची घडी एका कोपऱ्याला लावून एक डोळा मिटून बघत होती. पद्मा मॅडमनी माइकवर तिचं नाव घेतलं, ये बाळ, मध्ये ये. सगळ्या पालकांनी वळून पाहिलं. दुसऱ्या रांगेत मानसी अर्धवट उभी राहिली. इरा उठली, पण मध्ये न जाता माझ्याकडे आली.

"मिस, याचे दोन कोन चुकलेत," ती हळू म्हणाली. "मी आईला सांगितलं. आई म्हणाली एखादाच असेल, चालतं. पण एखादा नसतोच. मी घरी खूप कापून बघितले. एक कोन बिघडला की दुसरा कुठलातरी बिघडतोच. एकटा बिघडतच नाही."

हे वाचणाऱ्यांना कदाचित विशेष वाटणार नाही, म्हणून सांगते. हे खरं आहे, आणि ते का खरं आहे हे आपण सातवी-आठवीत शिकवतो, तेही नुसतं सांगून. तिसरीतल्या मुलाने स्वतः खोकी कापून ते शोधून काढलंय असं माझ्या उभ्या नोकरीत झालं नव्हतं. एक ओळ धड न वाचता येणारी ही पोरगी माझ्यासमोर उभी होती आणि मला तिला उचलून घ्यावंसं वाटलं. सगळ्यांना गप्प करून सांगावंसं वाटलं की हिने काय म्हटलंय ते ऐका.

तेवढ्यात पद्मा मॅडम माइक खाली ठेवून माझ्याजवळ आल्या आणि कुजबुजल्या, "कोपराच आहे ना, मिस? स्वल्प अॅडजस्ट माडी." म्हणजे थोडं सांभाळून घ्या. समन्वयक बाईंचं पेन 'बाहेर'च्या रकान्यावर होतं. तो रकाना अजून कोरा होता. मी मानसीकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती.

इराने मला तिकिटाची घडी दिली. मी ती कोपऱ्याला लावली. फट स्वच्छ दिसत होती, तांदळाचा दाणा गेला असता.

"बरोबर आहे," मी म्हटलं. "चौरस आहे. जा आत."

"तुम्ही नीट नाही लावली, मिस."

मी पुन्हा लावली. या वेळी दुसऱ्या रांगेत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं, "चौरसच आहे."

 मग तिने घडी परत घेतली नाही, चौरस गळ्यात घातला आणि त्या गर्दीत जाऊन उभी राहिली. टाळ्या पडल्या. मानसी खाली बसली आणि ओढणीने डोळे पुसायला लागली. समन्वयक बाईंनी अडतीस वेळा 'आत' लिहिलं.

घरी यजमानांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तांदूळ कुठला? बासमती की जाडा?" मी म्हटलं, जाडा. ते म्हणाले, "मग आम्ही सोडला नसता," आणि पेपर वाचायला लागले. मी त्यांच्यावर चिडले, तुमच्या भागांना आया नसतात म्हणाले. पण रात्रीच्या भाजीत मीठ घातलं नव्हतं हे मला जेवण झाल्यावर कळलं.

एप्रिलमध्ये चौथीच्या याद्या लागल्या. सगळ्यांच्याच नावापुढे 'आत' असल्यामुळे त्या निरीक्षणांचा कुणाला काही उपयोग झाला नाही. तुकड्या पडल्या त्या शाळेच्या व्हॅनच्या मार्गाप्रमाणे. ज्या बाजूच्या व्हॅन लवकर यायच्या ती मुलं लोटस, उशिराची मॅरिगोल्ड. अण्णांचा आदू, पोलादी चौरसासकट, मॅरिगोल्डमध्ये गेला. इराची व्हॅन लवकर यायची, तिला लोटस मिळालं. मी त्या दिवशी खरं बोलले असते तरी तिला लोटसच मिळालं असतं. मानसी माझ्यासाठी पुण्याच्या चितळ्यांचा नव्हे, इथल्याच दुकानातला म्हैसूरपाकाचा डबा घेऊन आली आणि म्हणाली की तुमचे उपकार विसरणार नाही. मी डबा घेतला. काय सांगणार होते?

पण हे सगळं नंतरचं. प्रदर्शनानंतरच्या सोमवारी मी वर्गात त्रिकोण सुरू केले. प्रत्येकाला कागदाचा एकेक त्रिकोण दिला, आपापला मोजा आणि काय दिसतं ते सांगा म्हटलं. मुलं एकेक करून सांगत गेली. इराची पाळी आली. तिच्या त्रिकोणाच्या दोन बाजू सारख्या होत्या आणि तिने तो दुमडून, बाजूवर बाजू ठेवून, ते पाहिलं होतं. मी स्वतः तिला ते करताना पाहिलं होतं.

"सांग, इरा."

तिने त्रिकोण बाकावर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "मिस, काय म्हणू?"

"जे असेल ते म्हण."

"हो, पण तुम्हाला काय पाहिजे?"